तीन इंच बर्फात शहर का अडतं?

मंडळी, २९ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २.९ इंच, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर बर्फ पडला. जानेवारीत एवढ्या बर्फाची तिथे कुणी बातमीही करत नाही. पण १८६९ पासूनच्या नोंदींत ऑक्टोबरमध्ये तिथे इतका बर्फ कधीच मोजला गेला नव्हता. उद्यानातल्या शेकडो झाडांची मोडतोड झाली. आतल्या भागात बर्फ आणखी जास्त होता, आणि अमेरिकेच्या सगळ्या ईशान्य पट्ट्यात मिळून तीस लाखांवर वीजग्राहक अंधारात गेले. तेव्हा ‘किती पडला’ हा नेहमीचा प्रश्न आज जरा बाजूला ठेवू. अवेळी बर्फ किती ओला पडला, कशावर पडला आणि किती वाजता पडला, यावर शहराचं नुकसान ठरतं.

आधी हा बर्फ अचानक का येतो ते बघू. शरद ऋतूच्या शेवटी थंड प्रदेशात ढगांच्या उंचीवर हवा शून्याखाली असतेच. तिथल्या पावसाची सुरुवातही बहुतेक वेळा हिमकणांनीच होते. प्रश्न असतो तो जमिनीलगतच्या शेवटच्या पाचशे-हजार मीटरांचा. हा थर दोन-तीन अंशांवर असला की कण वाटेत वितळतात आणि खाली पाऊस पडतो. एवढंच असतं तर अंदाज सोपा होता. पण पडणारा बर्फ हा थर स्वतःच थंड करत येतो.

याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. एका चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाणी म्हणजे १० किलो. तेवढा बर्फ हवेत वितळला तर ३,३४० किलोज्यूल उष्णता आसपासच्या हवेतून काढून घेतली जाते. त्याच चौरस मीटरवरचा एक किलोमीटर उंचीचा हवेचा स्तंभ भरतो जवळपास १,२०० किलोचा. तो एक अंशाने थंड करायला साधारण १,२०० किलोज्यूल लागतात. म्हणजे दहा मिलिमीटरच्या सरीत सबंध थर पावणेतीन अंशांनी उतरू शकतो. तीन अंशांवरची हवा शून्याजवळ आली की वितळणं थांबतं, आणि दुपारपासून चाललेल्या पावसाचे अर्ध्या तासात रुपयाएवढाले पुंजके व्हायला लागतात.

यातली मेख अशी की हे सगळं सरीच्या जोरावर अवलंबून आहे. रिमझिम असेल तर वाऱ्याबरोबर येणारी उबदार हवा थंडावा पुसून टाकते. मग शहराच्या एका टोकाला नुसता पाऊस आणि दुसऱ्या टोकाला दहा सेंटिमीटर बर्फ, असं चित्र दिसतं. समुद्रकाठच्या शहरांत आणखी एक भानगड असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्र अजून उबदार असतो, त्यामुळे वारा समुद्राकडून की जमिनीकडून, यावर सगळा खेळ फिरतो. म्हणून अंदाज वर्तवणारे साध्या तापमानाबरोबर ‘वेट बल्ब’, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीचं वाचनही बघतात. फडक्यातलं पाणी उडताना उष्णता घेतं; कोरड्या हवेत सर पडली की हवाही तशीच गार होते. हवा बरीच कोरडी असेल तर साधी तापमापी ५ अंश दाखवत असताना वेट बल्ब शून्याच्या आसपास असू शकतो. अशा वेळी बर्फाची शक्यता धरावीच लागते. घरच्या घरी बघायचं असेल तर हवेच्या बातम्यांत तापमानाशेजारी दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं ज्या तापमानाला दव होऊ लागतं ते, देतात तो पाहा. तो तापमानाच्या जितका खाली, तितकी हवा कोरडी. तापमान ४ आणि दवबिंदू उणे ५ असताना जोराची सर येणार असेल, तर छत्रीबरोबर बूटही काढून ठेवावेत.

उबदार पाण्याचा उलटाही परिणाम होतो. १२-१३ ऑक्टोबर २००६ ला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरावर ५७ सेंटिमीटर बर्फ पडला, तो ईरी सरोवर कोमट होतं म्हणूनच. सरोवराचं पाणी सोळा-सतरा अंशांवर आणि वरून आलेली हवा शून्याच्या बरीच खाली. इतक्या फरकाने पाण्याची वाफ जोरात वर उचलली गेली आणि तिचा अरुंद पट्टा नेमका शहरावर रिकामा झाला.

आता वजनाकडे येऊ. ढोबळ नियम असा, की एक सेंटिमीटर पाण्याचा दहा सेंटिमीटर बर्फ होतो. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत फुगतो. शून्याजवळचा ओला बर्फ मात्र पाच-सहावरच थांबतो. म्हणजे अशा दहा सेंटिमीटर बर्फात वीस मिलिमीटर पाणी असतं, चौरस मीटरला वीस किलो. घरासमोरची एक मीटर रुंद, दहा मीटर लांब वाट साफ करायची तर दोनशे किलो हलवायचे. फावडं काठोकाठ भरून उचलणाऱ्याची कंबर धरते, आणि हृदयविकार असणाऱ्याला तर जिवाचा धोका असतो. पाच सेंटिमीटर साचला की एकदा आणि थांबल्यावर पुन्हा, असं दोनदा काढावं. शक्य तेवढा ढकलावा, उचलावाच लागला तर अर्धं फावडं. हा बर्फ लोखंडाला चिकटतो, म्हणून फावड्याला आधी मेण किंवा स्वयंपाकाचं तेल पुसून घ्यावं.

झाडांचं गणित याच वजनातून येतं. निष्पर्ण फांदीवर बर्फ टिकायला जागाच थोडी असते, बराचसा खाली गळतो. पानं असली की प्रत्येक पान बर्फ झेलतं. ओले पुंजके एकमेकांना चिकटून दोन पानांमधली फटही बुजवतात, आणि सगळा पर्णसंभार एक सलग छप्पर होऊन बसतो. दोन जाड फांद्या अरुंद कोनात फुटलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये साल दबलेली असते, ती जागा सगळ्यात आधी चिरते, कारण तिथे लाकूड लाकडाशी सांधलेलंच नसतं. सिल्व्हर मेपल, ब्रॅडफर्ड पेअर ही झाडं यात कुप्रसिद्ध. ओकचं लाकूड भक्कम, पण तो पानं उशिरा सोडतो, त्यामुळे तोही सापडतो. बफेलोत त्या रात्री शहरातल्या बहुतांश झाडांना इजा झाली. वीज गेली तीही मुख्यतः फांद्या तारांवर पडल्यामुळे. अशी वीज परत यायला दिवसच्या दिवस लागतात. बिघाड एका ठिकाणी नसतो, गल्लोगल्ली असतो, आणि प्रत्येक ठिकाणी आधी झाड कापायचं, मग तार ओढायची.

वाकलेल्या फांदीचं काय करायचं? ती गदागदा हलवायची नाही. लाकूड ताणाखाली असतं, धक्क्याने तिथेच तुटतं. लांब दांड्याचा झाडू फांदीखाली घालून हलकेच वर उचलायचं, म्हणजे बर्फ घसरतो. टोकाकडून सुरुवात करायची आणि खालच्या फांद्या आधी मोकळ्या करायच्या. वरच्या आधी झाडल्या तर त्यांचा बर्फ आधीच वाकलेल्या खालच्यांवर आदळतो. फांदीवर पारदर्शक गोठलेला थर असेल तर हातच लावायचा नाही. आसपास तार असेल तर झाडू घरातच राहू द्या. पडलेल्या तारेपासून निदान दहा मीटर लांब राहायचं. ती मेलेली दिसली तरी जिवंतच समजायची.

रस्त्यांची गोष्ट थोडी फसवी आहे. जमीन अजून उबदार असते, त्यामुळे पहिला तास-दीड तास डांबरावर पडलेला बर्फ विरघळून जातो आणि ‘रस्ते ओलेच आहेत’ असं वाटत राहतं. पूल याला अपवाद, कारण त्यांच्या खालूनही हवा वाहते आणि ते आधी गोठतात. मग सरीचा जोर वाढला की डांबराची साठवलेली ऊब संपते, वर पाणी-बर्फाचा लगदा होतो, आणि अंधार पडल्यावर तोच लगदा चाकांच्या खाचांसकट दगडासारखा जमतो.

हिवाळ्यात यावरचा उपाय ठरलेला आहे. बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर सुमारे २३ टक्के मिठाचं द्रावण फवारायचं, किंवा चौरस मीटरला १० ते २० ग्रॅम मीठ टाकायचं. या प्रमाणातलं द्रावण उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्षात मात्र बर्फाच्या पाण्याने ते पातळ होतं, त्यामुळे उणे नऊ-दहाच्या खाली नुसत्या मिठाचं काम फार मंदावतं. अवेळी बर्फात अडचण वेगळीच असते. सुरुवात पावसाने होते आणि आधी टाकलेलं मीठ गटारात वाहून जातं. थांबावं तर पावसाचा बर्फ होण्याचा क्षण आणि संध्याकाळची गर्दी एकदम येतात. योग्य वेळेची खिडकी कधीकधी अर्ध्या तासाचीच असते. मोठ्या शहराच्या गाड्या अर्ध्या तासात सगळीकडे पोचत नाहीत.

१५ नोव्हेंबर २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच झालं. अंदाज बराच कमी होता, सेंट्रल पार्कमध्ये पडला ६.४ इंच, आणि तो दुपारनंतर. तिथे बर्फ हटवण्याचं काम सफाई खात्याचं. कचऱ्याच्या ट्रकांनाच पुढे नांगर, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारं पातं, जोडतात आणि चाकांना साखळ्या चढवतात. हे ट्रक निघाले तेव्हा रस्ते मोटारींनी भरलेले होते. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि मागे रांगा तुंबल्या. बसचं मुख्य स्थानक गर्दीने ओसंडलं, काही शाळांच्या बस मध्यरात्रीनंतरही रस्त्यातच होत्या. नांगराला चालायला रस्ता लागतो, हे ऐकायला बाळबोध वाटेल, पण त्या संध्याकाळचं सगळं शास्त्र त्यातच आहे. एक आडवी झालेली गाडी पुढचा नांगर अडवते, नांगर अडला की मागे आणखी बर्फ साचतो, आणि त्यावर आणखी गाड्या आडव्या होतात. माझ्या मते अशा दिवशी मिठापेक्षा कार्यालयं दोन तास आधी, टप्प्याटप्प्याने सोडणं जास्त उपयोगी पडतं. सगळी एकदम सोडली तर मात्र कोंडीच लवकर होते.

गाड्याही उन्हाळ्याच्याच असतात. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, पकड जाते. चारी चाकांना ताकद देणारी गाडी निघते चांगली, थांबताना तिचा काही फायदा नाही. जोडबस सगळ्यात आधी अडकतात. बऱ्याच जोडबसमध्ये इंजिन मागे असतं, मागचा डबा पुढच्याला ढकलतो, आणि चढावर बस मधूनच दुमडते. रेल्वेत कळीची जागा म्हणजे सांधा, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवायला रूळ सरकतो ती जागा. तिथे बर्फ चेंगरला की रूळ पूर्ण सरकत नाही, आणि खात्री झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. त्यासाठी सांध्यांना हीटर बसवलेले असतात, पण हिवाळ्याआधीच्या तपासणीत ते सुरू करून पाहिलेले असतील तरच कामाला येतात.

तोकियोचं उदाहरण यात वेगळं आहे. २४ नोव्हेंबर २०१६ ला तिथे ५४ वर्षांनी नोव्हेंबरात बर्फ दिसला, आणि १८७५ पासूनच्या नोंदींत नोव्हेंबरमध्ये तो जमिनीवर साचल्याची ती पहिलीच वेळ. पण साचला तो मुख्यतः गवतावर आणि छपरांवर.

दुसऱ्या दिवशीचा त्रास पाण्याचा. बर्फाने पानं एकदम खाली आणलेली असतात आणि ती गटारांच्या जाळ्यांवर बसतात. ऊन पडलं की दहा सेंटिमीटर बर्फाचं वीस मिलिमीटर पाणी रस्त्याकडेला तुंबतं आणि रात्री गोठतं. म्हणून ढीग लावताना जाळीवर लावू नये. जाळी बर्फाखाली गेली असेल तर पदपथाची कड धरून रस्त्याच्या उताराच्या तळाशी शोधावी, फावड्याची धार जाळीत न अडकवता अर्धा मीटर जागा मोकळी करावी, आणि पानं दाताळ्याने रस्त्याच्या मध्याकडे न ढकलता पदपथावर ओढून घ्यावीत. हे दुपारी तीनच्या आत झालेलं बरं, कारण त्यानंतर उन्हाचा जोर ओसरतो आणि राहिलेलं पाणी जागच्या जागी गोठू लागतं.