कुत्र्याच्या छातीतली सळसळ

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण आज इथे आलात ते एका शब्दामुळे. लस टोचायला कुत्र्याला घेऊन गेलात, डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "याला मर्मर आहे." पुढे ते जे बोलले त्यातलं निम्मं तुम्हाला आठवत नसणार. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय आणि इतके चेहरे उतरताना पाहिलेत, की मला ते ठाऊक आहे.

मर्मर हा शब्द तसा आपल्याला परका नाही. वाळक्या पानांची, नव्या कापडाची सळसळ म्हणजे मर्मर. छातीतली मर्मरही तशीच, म्हणजे एक आवाज. मर्मर हे आजाराचं नाव नाही. आवाज कुठून येतोय आणि का येतोय, हे शोधायचं काम तिथून पुढे सुरू होतं.

हृदयाचा जो 'लब-डब' आपण ऐकतो तो झडपा मिटण्याचा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्या की लब, हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्या की डब. या दोन्हींच्या मध्ये शांतता असते, कारण रक्त संथपणे वाहतं. झडप नीट मिटली नाही, वाट अरुंद झाली, पडद्याला भोक असलं किंवा रक्तच पातळ झालं, की प्रवाहात भोवरे उठतात आणि त्या शांततेत सूं-सूं ऐकू येतं. रक्त पातळ होण्याचं मुद्दाम सांगतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात किंवा पोटात जंत फार झाल्यावर पंडुरोग होतो, आणि तेव्हा धडधाकट हृदयातूनही मर्मर येऊ शकते. अशा वेळी उपचार रक्ताचा करायचा. रक्त सुधारलं की आवाज जातो.

ऐकणं कसं चालतं तेही पाहा. कुत्रा उभा हवा. डाव्या कोपराच्या जरा मागे, बोटांनी ठोका लागतो तिथे स्टेथोस्कोप टेकवायचा. पण कुत्रा धापा टाकत असतो, त्या हाहाहामध्ये काही कळत नाही. मग एका हाताने हलकेच जबडा मिटायचा आणि तेवढ्या चार-पाच सेकंदांत ऐकून घ्यायचं. सोडायचं, पुन्हा मिटायचं. नंतर हळूहळू पुढे, काखेकडे, मग उजवीकडे. त्या वेळी कृपा करून बोलू नका. मर्मर बारीक असेल तर तुमच्या एका प्रश्नात ती बुडून जाते.

आवाजाला 1 ते 6 अशी श्रेणी देतात. पहिली म्हणजे शांत खोलीत कान देऊन ऐकल्यावरच कळेल अशी. तिसरीला मर्मर साधारण हृदयाच्या ठोक्याइतकी मोठी असते. पाचवीला छातीवर तळहात ठेवला तर आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. सहावीला स्टेथोस्कोप कातडीपासून किंचित उचलला तरी ऐकू येतं. इथे एक मोठा गैरसमज होतो. ही श्रेणी आवाजाची आहे, आजाराची नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण जणू हृदयासाठीच केलेली आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः बारीकसं भोक असेल तर रक्त तिथून जोरात फवारतं आणि आवाज भला मोठा येतो, पण कुत्रा पुष्कळदा जन्मभर मजेत राहतो. तेच भोक मोठं असेल तर आवाज कमी आणि त्रास जास्त. डॉबरमनमध्ये तर हृदयाचा स्नायू दुबळा होऊन फुगत जातो आणि पुष्कळदा मर्मर ऐकूही येत नाही. म्हणजे आवाज नाही म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही.

पिल्लांचं वेगळं. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लात पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची मर्मर बऱ्याचदा निरुपद्रवी असते आणि चार-पाच महिन्यांपर्यंत विरून जाते. मात्र पिल्लाच्या डाव्या काखेत न थांबणारी घरघर लागली, यंत्र चालू असल्यासारखी, तर वाट पाहू नका. गर्भात असताना उघडी असलेली एक वाहिनी जन्मानंतर काही दिवसांत मिटायला हवी, ती मिटलेली नाही असा त्याचा अर्थ. शस्त्रक्रियेने किंवा नळीतून बूच बसवून ती बंद करता येते, आणि वेळेत केली तर ते पिल्लू इतर कुत्र्यांसारखंच आयुष्य जगतं. हृदयाच्या इतक्या कमी आजारांत मी 'बरा होईल' असं म्हणू शकतो, की हा नजरेतून सुटला तर मला फार हळहळ वाटते.

आता तुमच्यातल्या बहुतेकांचा प्रश्न: लहान चणीचा, वय झालेला कुत्रा. डॅशहुंड, पूडल, चिवावा आणि सगळ्यांत जास्त कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. यांच्यात डाव्या बाजूची मायट्रल झडप वयाबरोबर जाड होते, तिच्या कडा गाठाळ होतात आणि ती पुरती मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वरच्या कप्प्यात जातं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि यातल्या कित्येक कुत्र्यांना हृदयाचा त्रास शेवटपर्यंत होत नाही. म्हणून मर्मर ऐकल्यावर खरा प्रश्न हा की हृदय मोठं झालंय का. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि शक्य असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

हे मोजणं का महत्त्वाचं, तर त्यावर औषध ठरतं. 2016 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 11 देशांतले 360 कुत्रे. सगळ्यांना मर्मर होती, हृदय वाढलेलं होतं, पण त्रास काही नव्हता. अर्ध्यांना पिमोबेंडान हे हृदयाचं औषध दिलं, अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी नुसती गोळी. पिमोबेंडान घेणाऱ्यांत हृदय निकामी होणं साधारण 15 महिन्यांनी लांबलं. कुत्र्याच्या आयुष्यात 15 महिने म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको. पण हृदय वाढलेलं नसताना नुसत्या मर्मरीवर तीच गोळी सुरू करायचं कारण नाही. शेजारच्यांच्या कुत्र्याला चालू आहे म्हणून तर नाहीच.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका बाईंना मी "तिसऱ्या श्रेणीची मर्मर आहे, जपा" एवढंच सांगितलं. त्यांनी जपलं. वर्षभर कुत्रीला फिरवलं नाही, जिना चढू दिला नाही, उचलून घेतलं. वर्षाने ती आली तेव्हा वजन दीडपट, पायांतलं बळ गेलेलं, आणि एक्स-रेमध्ये हृदय अगदी नेहमीएवढं. तिचं एक वर्ष माझ्या एका शब्दाने गेलं. तेव्हापासून 'जपा' म्हणजे काय, ते मी कागदावर लिहून देतो. फिरवा, तिच्या चालीने. वजन वाढू देऊ नका. आणि झोपेतला श्वास मोजा.

हा श्वास मोजणं तुम्ही घरी करू शकता आणि त्याला पैसा लागत नाही. कुत्रा गाढ झोपलेला हवा, स्वप्नात पाय हलवणारा नको, नुकता खेळून आलेला नको. बरगड्या वर गेल्या, खाली आल्या, हा एक श्वास. अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा, कॅलेंडरवर लिहा. बहुतेकांचा आकडा 30च्या आत राहतो. तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा 18 असेल आणि तो 30च्या वर जाऊन राहिला, तर फुप्फुसात पाणी साठू लागलेलं असू शकतं. खोकला किंवा धाप दिसण्याआधी पुष्कळदा हाच आकडा बदलतो. तासाभराने पुन्हा मोजा. तसाच असेल तर त्याच दिवशी फोन करा. झोपच लागत नसेल, मान ताणून बसलेला असेल, हिरड्या निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, निघा.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय: मर्मर असलेल्या कुत्र्याचे दात साफ करायला भूल देता येते का? बहुतेक वेळा येते. आधी एक्स-रे किंवा इको करून हृदय कुठल्या टप्प्यावर आहे ते बघायचं, भूल देणाऱ्याला ते सांगायचं, सलाइन बेतानं द्यायचं, कारण जास्तीचं पाणी हे हृदय पेलू शकत नाही. फुप्फुसात पाणी असेल तर आधी ते उतरवायचं, दात नंतर. पण मर्मर आहे एवढ्यावरून सडका दात वर्षानुवर्षं तोंडात ठेवू नका, त्याला त्याचं दुखतं.

इथे टेबलावर चार स्टेथोस्कोप ठेवलेत. ज्यांनी कुत्री आणलीत त्यांनी एकेक करून या. डाव्या कोपराच्या मागे, मी हात धरून दाखवतो. बाकीच्यांनी तेवढं शांत बसा.