कुठली वाघनखी?

(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली. त्या दिवसांत मला बरेच जण विचारायचे, "वाघनखी नावाचं झाडही असतं ना हो?" असतं की. पण कुठली वाघनखी म्हणता तुम्ही?

एक वाघनखी गावाबाहेरच्या पडीक जागेत उगवते. मोठी, केसाळ, चिकट पानं आणि गुलाबीसर फूल. फळ वाळलं, वरची साल गळून पडली की आतून काळी, टणक बी निघते आणि तिच्या टोकाला दोन वाकडे आकडे असतात. धोतरात अडकली तर सुटता सुटत नाही. हिलाच काही ठिकाणी विंचू म्हणतात. ही बाई मूळची मेक्सिकोकडची, म्हणजे तिचं हे नाव आपल्याकडे आल्यावरच पडलेलं.

दुसरी वाघनखी म्हणजे कळलावी. श्रावणात कुंपणावर चढलेली दिसते, लाल-पिवळ्या पाकळ्या मागे वळून उभ्या राहिलेल्या. तिची नावं मोजायला बसलात तर खड्यानाग आहे, अग्निशिखा आहे आणि काही भागांत तर बचनागही आहे. इथे मात्र गंमत संपते. खरा बचनाग हिमालयातला, त्याचं विष अॅकोनिटीन, आणि ते हृदयाचे ठोकेच बिघडवतं. कळलावीच्या कंदातलं विष कोल्चिसिन. त्याची सुरुवात उलट्या-जुलाबांनी होते आणि खरं नुकसान नंतर दिसतं. दोन्ही जीवघेणी, पण वाटा वेगळ्या. म्हणून घरात कुणी असलं काही खाल्लं, तर दवाखान्यात नुसतं नाव सांगू नका, झाडाचा तुकडा बरोबर न्या. कुठलंसं मूळ उगाळून लावा, चाटा, असले निरोप मोबाइलवर रोज फिरतात. त्यात झाडाचं फक्त नाव असतं, झाड नसतं.

नावं ठेवणारे लोक बघून बघून नावं ठेवत होते, यात शंका नाही. त्यांनी पाहिलं काय? उंदराच्या कानाएवढं पान जमिनीलगत पसरलेलं दिसलं, झाली उंदीरकानी. मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली शेंग, ती मेडशिंगी. गोकर्ण तर सांगायलाच नको. ही दारातली, गोठ्यातली, माळावरची जनावरं आहेत. वाघ तेवढा रानातला, पण त्याचा धाक गावात होता.

वाघाटीचंच घ्या. वेलीचे काटे नखांसारखे आत वळलेले, हात घातला की ओरबाडलंच. तरी आषाढी द्वादशीला उपास सोडायला तिच्या फळांची भाजी लागते, आणि त्या दिवशी मंडईत भाव विचारायची सोय नसते. तिथे तिला कोणी वाघाटी म्हणतं, कोणी गोविंदफळ. आदल्या दिवशी विठ्ठलाची एकादशी झालेली, तेव्हा गोविंदाचं नाव जास्त शोभतं, एवढंच.

सापकांदा मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. पहिल्या पावसानंतर महाबळेश्वरला, कासच्या वाटेवर तो फणा काढून उभा असतो. फणा म्हणजे फूल नव्हे, ते फुलांवरचं आवरण. खरी फुलं आतल्या दांड्यावर, बारीक. या वंशातल्या बऱ्याच जातींत एक विलक्षण गोष्ट आहे. कंद लहान असेल तर त्या वर्षी झाड नर. कंदात साठा वाढला की पुढे कधीतरी तेच झाड मादी होऊन फळं धरतं, आणि साठा खालावला तर पुन्हा नर. फळं पोसायला ताकद लागते, त्याचा हा हिशेब. कच्चा कंद तोंडात घातलात तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया घशाला टोचतात. इथे नावानं दिलेली भीती खरी आहे.

काही नावांत जनावर दिसण्यासाठी येतच नाही. माकडलिंबू पाहा. त्यात माकडासारखं काही नाही. लिंबाचा भाऊबंद आहे, पण आपल्या कामाचा नाही, तेव्हा माकडांना देऊन टाकला. डुक्करकंदाची गतही तीच. "रान" हा शब्दही हेच काम करतो. रानहळद म्हटलं की सांगलीचा माणूस हसतो. त्याच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हरिपूरच्या पेवांत ती पिढ्यान् पिढ्या साठवली गेलीय. पण रानहळद निदान हळदीच्या वंशातली तरी आहे. रानकांदा कांदाही नाही आणि खाण्याचाही नाही, त्यात हृदयावर परिणाम करणारं विष आहे.

मसाल्यांची आणि भाज्यांची नावं उसनी घेताना मात्र बहुतेक वेळा नाकाचं ऐकलेलं दिसतं. कुंडीतला पानओवा तुळशीच्या कुळातला, खरा ओवा कोथिंबिरीच्या. पण दोघांच्या तेलात थायमॉल, कार्व्हाक्रॉल सापडतात, म्हणजे आजीचं नाक चुकलं नव्हतं. आंबेहळदीला कैरीचा वास, आंब्याशी नातं शून्य. गवती चहा हे तर गवतच, चहाच्या जागी बसलेलं. डोळ्यांनी ठेवलेलं नाव गाजरगवत. पान गाजरासारखं म्हणून गाजर. पण ते गवतही नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. पुण्यातून त्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि आता ते कुठल्या बांधावर नाही ते सांगा.

ही नावं ठेवणं अजून चालू आहे. कासला सप्टेंबरात जा. जांभळी मंजिरी हे नाव तुळशीवरून आलेलं, आणि तिथे नातंही खरं आहे, कूळ एकच. तिच्याशेजारी एक पिवळं फूल असतं, वर दोन गोल कान काढल्यासारखं. पर्यटक त्याला मिकी माउस म्हणतात. आता तर काही वाटाडेही म्हणायला लागलेत. त्याच वंशातल्या कवळ्याचा कोवळा पाला बायका पावसाच्या सुरुवातीला भाजीसाठी खुडून आणतात, आणि त्यांना मिकी माउस विचारलात तर त्या तुमच्याकडे बघत राहतील.