आधी सॅक रिकामी करा

नमस्कार, श्रोतेहो. दिवाळी झाली, भातं झोडून झाली, की आमच्यासारख्यांचे पाय शिवशिवायला लागतात. आज बोलायचंय ते कोकणातल्या खेड तालुक्यातल्या रसाळगड, सुमारगड, महिपतगड या तीन दिवसांच्या वाटेबद्दल. खरं म्हणजे नुसतं निघण्याबद्दल. हा ट्रेक कड्यावर क्वचितच बिघडतो. तो बिघडतो पहिल्या सकाळी.

मागच्या खेपेला आम्ही सात जण पहाटे खेड स्टेशनात उतरलो आणि फलाटावरच मी सगळ्यांना सॅका उघडायला लावल्या. एका पठ्ठ्याकडे तीन जीन्स निघाल्या. एकीच्या आईनं दोन किलो चिवडा दिलेला. (तो आम्ही ठेवला, आईचं मन मोडू नये.) पाणी मात्र प्रत्येकाकडे एकेक लिटर!

इथेच देशावरचे ट्रेकर फसतात. घाटमाथ्यावर घाम वाऱ्यानं वाळतो आणि अंग गार होतं. आपल्याकडे हवा आधीच ओलीगच्च, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग तापलेलंच राहतं, म्हणून आणखी घाम येतो. तेव्हा चालायला लागताना माणशी तीन लिटर तरी पाणी हवं, सोबत मीठ-साखर. आणि भिजलेली जीन्स मांड्या सोलून काढते, वाळता वाळत नाही.

रसाळगड तिघांत सोपा. वर झोलाईचं देऊळ आहे, तोफा आहेत, पाण्याची टाकी आहेत. पहिला मुक्काम तिथेच करा. कोण धापा टाकतो, कोणाचा बूट चावतो, ते या चढावर कळून चुकतं. सुमारगडाच्या रानात कळलं तर उशीर झालेला असतो. तिथे ढोरवाटा इतक्या फुटतात की नकाशा बघून काही उपयोग होत नाही. वाडीतला वाटाड्या घ्याच. त्याच्या मागे लगेच सर्वांत हळू चालणारा, आणि शेवटी शिट्टी गळ्यात घातलेला जुना माणूस. दमदार पोरांना हे आवडत नाही. न आवडू दे.

पाचोळ्यात हात घालू नका, दगड उलटू नका. फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, तिथेच असतं. चावलंच तर ब्लेड नको, करकचून दोरी नको, त्या माणसाला चालवूही नका. उचलून थेट सरकारी दवाखान्यात न्या.

महिपतगडाचं आज राहू दे. सहा दरवाजांचा गड शेवटच्या दोन मिनिटांत मावायचा नाही.

हां, त्या जीन्स. गडाखालच्या वाडीत एका मावशींकडे ठेवल्या होत्या. "परत येताना नेतो हां, मावशी," असं म्हणून निघालो आणि उतरलो महिपतगडाच्या बाजूनं. एव्हाना त्यांची गोधडी झाली असेल.