दिव्याची चाल

मंडळी, दीपगृहाचा विषय निघाला की पहिला प्रश्न उजेडाचाच येतो. किती लांबून दिसतं? त्याचं उत्तर दिव्यापेक्षा उंचीवर जास्त अवलंबून आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रसपाटीपासून ३६ मीटरवरचा दिवा होडीत बसलेल्या माणसाला साधारण २५ किलोमीटरपर्यंतच दिसतो. त्यापलीकडे दिवा कितीही प्रखर करा, तो पाण्याच्या कडेखाली गेलेला असतो. म्हणून तर रत्नागिरीचा दिवा डोंगरावर चढवला. अलिबागजवळच्या खांदेरीवरही १८६७ साली बांधलेलं दीपगृह बेटावरच्या टेकाडावर आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून जो किल्ला उठवला, तो याच बेटावर. खाली वेताळाचं देऊळ, वर बत्ती. कोळी बांधव दोघांनाही मानतात!

पण आज मला बोलायचं आहे ते दिव्याच्या चालीबद्दल. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी असते: इतक्या सेकंदांत एक झोत, किंवा पाठोपाठ दोन आणि मग अंधार. काळोखात तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, झोतांमधलं अंतर मोजतो, त्यावरून समोर कुठली दांडी, म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक, आहे ते ओळखतो. आता गंमत बघा. जुन्या दीपगृहांत दिवा उघडमिट होतच नसे, तो अखंड जळत असे. फिरायचं ते त्याच्याभोवतीचं भिंग. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच इंजिनिअरनं १८२० च्या दशकात काचेच्या लोलकांची कडी रचून ते बनवलं. मोठ्या भिंगांचं वजन काही टनांत जाई. ती पाऱ्यानं भरलेल्या गोल पन्हाळीत तरंगत ठेवत, मग बोटानं ढकललं तरी फिरत. फिरवायला घड्याळासारखं यंत्र असे. मनोऱ्याच्या पोटात वजन हळूहळू उतरे आणि रक्षक रात्रीतून पुन्हा पुन्हा चावी देऊन ते वर घेई. रॉकेलची वाफ, तापलेलं मँटल (ज्योतीवर उजळणारी जाळी), वर पाऱ्याची हवा, आणि त्यात जागरण. पारा किती विषारी आहे हे आज आपण जाणतो.

चावी द्यायला उशीर झाला तर झोत रेंगाळत. दिवा विझला तर खलाशी निदान सावध तरी होतो. पण चाल चुकली तर तो एका खडपाला दुसरंच समजून निर्धास्त सुकाणू फिरवेल. म्हणून मी रक्षकाला दिवा लावणारा म्हणत नाही. तो वेळ राखणारा माणूस.

दिवसाही त्याला सुट्टी नाही. सकाळी दिवा बंद झाला की काचघराचे पडदे ओढायचे. तसं केलं नाही तर सूर्याची किरणं त्याच भिंगातून उलटी आत गोळा होतात आणि दिव्याचंच नुकसान करतात. मग काचेवरचं मीठ पुसायचं. कोकणात खारा वारा सुटला की सकाळी लख्ख केलेली काच संध्याकाळी धुरकट.

वेंगुर्ल्याच्या वायव्येला भर समुद्रात खडक आहेत, निवती रॉक म्हणतात त्यांना. तिथल्या दीपगृहावर ये-जा होडीनंच. खालच्या गुहांमध्ये पाकोळी पक्षी लाळेची घरटी बांधतात. पूर्वेकडच्या देशांत त्यांचं सूप करतात, म्हणून ती चोरून विकण्याचे प्रकार झाले. त्या घरट्यांनी त्या खडकाला चोरबाजारात भाव दिला. तिथे नुसता दिवा सांभाळणाऱ्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

आता सौरऊर्जा आली, विजेचे दिवे आले, कार्यालयात बसून दिव्यावर नजर ठेवता येते. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१ च्या नव्या कायद्यानं घेतली. रक्षकाच्या पदाचं नावही ‘नेव्हिगेशनल असिस्टंट’ झालं. जीपीएस असताना हवीत कशाला दीपगृहं, असं तरुण विचारतात. लहान होडीत मोबाईल भिजला की बत्तीच बघावी लागते, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

माझी शंका यंत्राबद्दल नाही, पक्ष्यांबद्दल आहे. खडकावरच्या सौर पट्ट्यांवर पडलेली शीट कार्यालयात पडद्यासमोर बसलेल्या माणसाला फार तर कमी झालेल्या चार्जिंगवरून कळेल, पण ती पुसता येणार नाही. त्यासाठी होडी काढायला हवी, आणि ऐन पावसाळ्यात त्या खडकाला होडी लावणं म्हणजे जिवाशी खेळ.