आधी खरा किल्ला, मग मातीचा

आमच्या बेळगावात दिवाळी जवळ आली की पोरांना कपडे-फटाके नंतर, आधी तांबडी माती लागते, किल्ल्याला. दरवर्षी मोबाईलवर फोटो बघून कसला तरी डोंगर रचायचा आणि वर महाराजांना बसवायचं, झाला किल्ला. खरं यावर्षी म्हटलं, आधी खरे किल्ले तर बघूया की. आमच्याकडं शाळेला मोठी सुट्टी दसऱ्याचीच, मग त्यातला एक दिवस काढला, आज्जी पण तयार, डब्यात भडंग.

पहिला आपला गावातलाच किल्ला. रोज रिक्षातून शेजारनं जातो आणि बघत मात्र कधीच नाही. धाकट्याचा पहिला प्रश्न, "डोंगर कुठाय?" डोंगर नाहीच ओ, हा भुईकोट. सपाट जागेवर शत्रूला अडवायचं म्हणजे डोंगराचं काम खंदकानं करायचं, म्हणून भोवतीनं एवढा रुंद खंदक. हे पुस्तकात दहावेळा वाचून कळत नाही ते काठावर उभारलं की मिनटात कळतंय, आणि दगड टाकून खोली बघायचा मोह आवरत नाही, आम्हालासुद्धा.

दारातच गणपती आणि दुर्गेची देवळं, पोरांनी घंटा वाजवून घेतली. आत मिलिटरीचा भाग आहे, तिकडं जायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. आम्ही गेलो कमल बस्तीत. हे जैन मंदिर १२०४ सालचं, रट्ट राजांच्या काळातलं, गाभाऱ्यात नेमिनाथ. मान वर करा, छताला दगडाचं उलटं कमळ लटकलंय. थोरली बराच वेळ बघत बसली, मग विचारते, "हे खाली कसं पडत नाही?" आठशे वर्षं झाली बाळा, नाही पडलं. बाहेरचा कन्नड बोर्ड तिनंच वाचून आज्जीला मराठीत सांगितला, आमच्या घरात हे काम तिचंच. जवळच साफा मशीद. १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून हा किल्ला घेतला, तेव्हा खंदक असून कसा घेतला यावर गाडीत पोरांचं जोरात भांडण, तोफा होत्या की नाही वगैरे.

दुपारनंतर येळ्ळूरचा राजहंसगड. इथं मात्र डोंगर आहे, आणि गाडी वरपर्यंत जाते म्हणून आज्जीचे गुडघे वाचले. वर शंकराचं देऊळ, २०२३ पासून महाराजांचा मोठा पुतळा, खाली येळ्ळूरच्या शिवारात पिवळं पडत आलेलं भात. तटावरनं बेळगाव शोधायचा खेळ अर्धा तास चालला. वारा एवढा की भडंग कागदावर थांबेना, निम्मं वाऱ्यानंच खाल्लं. लहान पोरं असली तर तटाजवळ हात सोडू नका, एवढंच.

परत येताना कुंदा घेतला, आमच्या बेळगावची मिठाई, तो घेतल्याशिवाय आज्जी घरी येत नाही.

आणि दिवाळीला अंगणात? भुईकोट! डोंगर कॅन्सल. तट, दोन बुरूज, पायऱ्यांवर पेरलेले हळीव, सगळं जमलं, खरं खंदकात पाणीच थांबेना, ओतलं की माती पिऊन टाकतीय. तीन बादल्या गेल्यावर आज्जी उठली, शेणकाला केला, खंदक आतनं सारवला आणि रात्रभर वाळू दिला. सकाळी पाणी थांबलं. धाकट्यानं लगेच त्यात मगर सोडली, प्लास्टिकची.