ओढ्याचा आकडा कोण मानणार?

मंडळी, नदी-ओढ्याचं पाणी आपणच तपासायचं म्हटलं, तर पुण्याच्या राम नदीचंच उदाहरण घेऊ. भुकूमच्या बाजूने निघते, बावधन, पाषाण करत खाली येते आणि मुळेला मिळते. तिच्या काठावर रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं जमवणं अवघड नाही. खरी परीक्षा पुढे असते. वर्षभराच्या मोजमापांचा तक्ता घेऊन आपण अभियंत्यासमोर बसतो आणि तो विचारतो, "हे आकडे बरोबर कशावरून?" याचं उत्तर महागड्या मीटरमध्ये सापडत नाही. ते नोंदवहीत असावं लागतं, आणि त्याची तयारी पहिली बाटली भरण्याआधीच करावी लागते.

आधी प्रश्न नेमका करा. "नदी किती घाण झाली?" याला कुणीच आकड्यात उत्तर देऊ शकत नाही. "अमुक नाला मिळाल्यावर उन्हाळ्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जातो का?" याला देता येतं. 4 हा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीतला, मासे जगण्यासाठीची किमान पातळी. प्रश्न असा ठरला की जागाही ठरतात: एक नाल्याच्या वर, एक खाली. खालची जागा संगमाला चिकटून घेऊ नका, कारण नाल्याचं पाणी बरंच अंतर एकाच काठाने वाहतं. दोन्ही काठांना आणि मध्ये विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे पाणी किती वीज वाहून नेतं ते, मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे येतील, तिथे पाणी मिसळलं असं समजा.

वेळेबाबत मात्र हट्टी राहा. शेवाळ माजलेल्या पाण्यात ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि दुपारी संपृक्ततेच्या, म्हणजे पाण्यात एरवी मावतो त्या पातळीच्याही, वर जातो. एका महिन्यात सकाळी सात आणि पुढच्या महिन्यात अकरा वाजता मोजलं, तर नदी "सुधारली" असं दिसेल. सुधारलेलं काहीच नसतं, फक्त ऊन चढलेलं असतं. पुण्याच्या उंचीवर 25 अंशांना संपृक्त पाण्यात साधारण 7.7 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. त्याच्या बराच वर आकडा आला की आधी घड्याळ बघा, मग शेवाळ.

आता विंकलर पद्धत, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजणं. स्वस्त आहे आणि काळजीपूर्वक केली तर ऑक्सिजन मीटरवर पहारा ठेवते. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. 300 मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरपी धरून भरा, बुडबुडा अडकू देऊ नका. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून 1 मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि 1 मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, बूच लावा, उलटसुलट करा. साका, म्हणजे पाण्यात तयार होणारा गाळासारखा पदार्थ, तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही, आणि इथेच अर्धं उत्तर मिळालं. साका खाली बसला की 1 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. हातमोजे आणि चष्म्याशिवाय ही बाटली कुणाच्याही हाती देऊ नये, विद्यार्थ्यांच्या तर नाहीच. साका विरघळल्यावर 201 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल तीव्रतेच्या थायोसल्फेटने फिकट पिवळं होईपर्यंत टायट्रेट करा, म्हणजे ते मोजून थेंबाथेंबाने घाला; मग स्टार्च टाका, पाणी निळं होईल, आणि थायोसल्फेट पुढे चालू ठेवा. निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर.

चुका ठरलेल्या असतात. थोड्या वेळाने निळा रंग परत येतो आणि नवखा माणूस आणखी दोन थेंब टाकतो, आकडा फुगतो. थायोसल्फेट जुनं झालं की कमजोर पडतं, जास्त लागतं, आणि पुन्हा आकडा फुगतो. म्हणून त्याची तीव्रता दर मोहिमेआधी पोटॅशियम डायक्रोमेटने तपासा. पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच मीटरही निघण्याआधी 7 आणि 4 किंवा 10 च्या बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणावर, लावून घ्या. परत आल्यावर तोच बफर पुन्हा मोजा. फार सरकला असेल, तर त्या दिवसाच्या पीएचवर शंकेची खूण करा.

दर दहा नमुन्यांमागे एक जोड नमुना घ्या: तीच जागा, तीच वेळ, दुसरी बाटली. समजा एक 6.2 आला, दुसरा 5.4. फरक 0.8, सरासरी 5.8, म्हणजे जवळपास 14 टक्के. मर्यादा आधीच लिहून ठेवा, 20 टक्के ठीक आहे. ओलांडली तर त्या दिवसाचे आकडे वहीत राहू द्या, निष्कर्षात धरू नका. खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही. मोजलंच नाही तर जागा रिकामी न सोडता "मोजले नाही" लिहा, नाहीतर संगणकावर भरणारा तिथे शून्य टाकतो.

जिवाणूंच्या चाचणीचा मोह टाळा. पाण्याची रिकामी बाटली धुऊन ती होत नाही. निर्जंतुक बाटली, बर्फाची पेटी आणि साधारण सहा तासांत प्रयोगशाळा, एवढं जमत असेल तरच हात घाला.

कायद्याचंही स्पष्ट असू द्या. 1974च्या जल अधिनियमानुसार सांडपाण्याचा कायदेशीर नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी ठरलेल्या पद्धतीने घेतो. आपला आकडा त्याची जागा घेत नाही. पण कुठल्या नाल्यावर, कोणत्या वेळी यायचं, हे त्याला आपल्या वहीतून कळू शकतं. म्हणून तक्रारीसोबत निव्वळ आलेख देऊ नका. जोड नमुने, बफरच्या नोंदी आणि वगळलेले दिवसही जोडा.