‘आय थॉट यू आर स्लीपिंग’ का चुकतं? डायरेक्ट-इनडायरेक्टमधला काळ

नमस्कार. आज सुरुवातीलाच एक वाक्य देते, मनातल्या मनात इंग्रजीत करा. दुपारी तीनला तुम्ही मित्राला फोन लावलाय. तो पहिल्याच रिंगला उचलतो आणि तुम्ही म्हणता, “अरे, मला वाटलं तू झोपलायस.”

झालं? आपल्यातले बरेच जण म्हणतात, ‘आय थॉट यू आर स्लीपिंग.’ इंग्रजीत ते हवं ‘आय थॉट यू वर स्लीपिंग.’ या वाक्यात कुणी काही ‘म्हणालं’ नाही, इन्व्हर्टेड कॉमा नाहीत, तरी नियम तोच लागला जो आपण शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्टच्या धड्यात घोकला. प्रेझेंटचं पास्ट करा, पास्टचं पास्ट परफेक्ट करा, विलचं वुड करा. तो तक्ता पाठ असलेली माणसंही बोलताना ‘यू आर स्लीपिंग’ म्हणतात, कारण तक्त्यात काय बदलायचं ते दिलेलं असतं. का बदलायचं, ते दिलेलं नसतं.

ते ‘का’ कळायला आधी मराठीकडे बघू.

“सुनील म्हणाला की मी उद्या येतो.” उद्या कोण येणार? सुनील. आपल्याला क्षणभरही शंका येत नाही. मराठीत ‘की’ आलं की पुढे मूळ बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवता येतात. त्याचा ‘मी’ तसाच, त्याचा ‘येतो’ तसाच. आता हेच शब्दाला शब्द लावून इंग्रजीत न्या: ‘सुनील सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो.’ इथे येणारी मी झाले! सुनील घरीच.

म्हणजे मराठीत ‘की’नंतर घड्याळ सुनीलच्या हातात असतं. तो बोलला त्या क्षणी त्याचं येणं पुढे होतं, म्हणून ‘येतो’. इंग्रजीत घड्याळ सांगणाऱ्याच्या हातात, म्हणजे माझ्या. मी आज उभी राहून मागे बघते. सुनीलचं बोलणं माझ्यासाठी मागे गेलं, म्हणून ‘सेड’. आणि त्या बोलण्यात जे जे होतं तेही त्याच्याबरोबर मागे सरकतं: ‘सुनील सेड दॅट ही वॉज कमिंग.’ ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं याला बॅक-शिफ्टिंग म्हटलं. काळाला एक पाऊल मागे नेणं.

एवढं एकच लक्षात ठेवलंत तर तक्त्याची फारशी गरज पडत नाही.

आता आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य घेऊ. लोकमान्य टिळकांचं. “स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच.” इंग्रजीत ते असं प्रसिद्ध आहे: ‘स्वराज इज माय बर्थराइट अँड आय शॅल हॅव इट.’ याचं इनडायरेक्ट करा.

(पडद्यावर: टिळक सेड दॅट स्वराज वॉज हिज बर्थराइट अँड दॅट ही वुड हॅव इट.)

मराठी कानाला हे खटकतं. ‘वॉज’? म्हणजे हक्क होता, आता नाही? टिळकांनी तर ठणकावून ‘आहे’ म्हटलं होतं! पण इंग्रजी वाचणाऱ्याला इथे ‘आता नाही’ असं काही ऐकू येत नाही. या ‘वॉज’चा अर्थ एवढाच, की टिळक बोलले तेव्हा, त्यांच्या म्हणण्यानुसार. हक्क संपला की उरला, याबद्दल ते वाक्य अवाक्षर काढत नाही. पास्ट टेन्स म्हणजे ‘संपलं’ हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं असेल तर इनडायरेक्ट स्पीच कायम चुकल्यासारखंच वाटत राहतं.

आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी मात्र या प्रश्नाला मस्त बगल दिली आहे. बातमीत वाक्य कसं येतं? “स्वराज्य हा आपला जन्मसिद्ध हक्क असल्याचे टिळकांनी सांगितले.” ‘आहे’ नाही, ‘होता’ नाही. ‘असल्याचे’! काळच काढून टाकला, आणि ‘माझा’चा ‘आपला’ केला. “मंत्री उद्या येणार असल्याचे कळते.” इंग्रजीला ही चैन दॅटनंतर मिळत नाही. तिथे क्रियापदाला कुठला तरी काळ घ्यावाच लागतो.

बरं, आता पावलं मागे टाकून बघू. २० जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग चंद्रावरून ह्यूस्टनला कळवतात, ‘द ईगल हॅज लँडेड.’ इनडायरेक्ट: आर्मस्ट्राँग सेड दॅट द ईगल हॅड लँडेड. हॅजचं हॅड, बस.

दुसरं, १४ ऑगस्ट १९४७ ची रात्र, संविधान सभा, पंडित नेहरू. ‘ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर, व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक टू लाइफ अँड फ्रीडम.’ यात दोन क्रियापदं आहेत आणि दोन्ही सरकतात: नेहरू सेड दॅट ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर, व्हेन द वर्ल्ड स्लेप्ट, इंडिया वुड अवेक टू लाइफ अँड फ्रीडम. विद्यार्थी ‘विल’ बरोब्बर पकडतात आणि मधलं ‘स्लीप्स’ विसरतात. परीक्षेत मार्क जातो तो तिथे.

हा ‘वुड’ नीट बघा. जागं होणं नेहरूंसाठी पुढे होतं, आपल्यासाठी ते केव्हाच मागे पडलं. मागे उभं राहून पुढे बघणं, त्यासाठी हा ‘वुड’.

पास्टचं काय? तक्ता म्हणतो, पास्टचं पास्ट परफेक्ट करा. बरेचदा ती सक्ती नसते, आणि पुस्तकं हे सांगत नाहीत. ‘आय वेंट टू नाशिक ऑन मंडे’ याचं ‘शी सेड शी हॅड गॉन टू नाशिक ऑन मंडे’ करा, चालेल. ‘शी सेड शी वेंट टू नाशिक ऑन मंडे’ म्हणा, तेही चालेल. इंग्रज माणूस बोलताना दुसरंच म्हणण्याची शक्यता जास्त. जाणं बोलण्याच्या आधी झालं हे उघडच आहे, त्यासाठी ‘हॅड’ची साक्ष कशाला काढायची?

पण ‘ही सेड ही वॉज इल’ घ्या. तो नक्की काय म्हणाला होता? ‘आय ॲम इल’ की ‘आय वॉज इल’? बोलताना आजारी होता की आधी होऊन गेला होता? ‘वॉज’ ऐकून बहुतेकांना ‘बोलताना आजारी’ असंच वाटेल. आधीचं आजारपण सांगायचं असेल तर ‘ही सेड ही हॅड बीन इल’ म्हणायलाच हवं. म्हणजे जाणं, घेणं, पडणं अशा एका झटक्यात होणाऱ्या गोष्टी असतील तर ‘हॅड’ सोडला तरी फारसं बिघडत नाही. असणं, राहणं, माहीत असणं अशी स्थिती असेल तर ‘हॅड’ सांभाळा. आणि मूळ वाक्यातच पास्ट परफेक्ट असेल तर ते तसंच ठेवा. त्याच्या मागे सरकायला जागाच नाही.

आता मला ज्यासाठी हा व्हिडिओ करावासा वाटला तो भाग. काळ कधी *नाही* बदलायचा?

‘सेज’ असेल तर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. ‘ही सेज ही इज टायर्ड.’ सांगणारा वर्तमानात उभा आहे, मागे सरकायचं कारणच नाही.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हेही सगळ्यांना माहीत असतं. युनिव्हर्सल ट्रूथ, तिथे प्रेझेंट ठेवा. परीक्षेत तसंच लिहा. पण कुणी ‘द टीचर सेड दॅट द अर्थ वेंट राउंड द सन’ लिहिलं तर इंग्रजीच्या दृष्टीनं ते चूक नाही, आणि पृथ्वीही थांबत नाही. आपल्या गाइडांनी सवलतीचा नियम करून टाकला आहे.

खरी मजा या दोघांच्या मधल्या जागेत आहे. समजा, गेल्या मंगळवारी सुजाता तुम्हाला म्हणाली, ‘आय ॲम प्रेग्नंट.’ आज तुम्ही घरी सांगताय. ‘सुजाता सेड शी वॉज प्रेग्नंट’ चालेल, ‘सुजाता सेड शी इज प्रेग्नंट’ही चालेल, कारण ती अजून आहे. आता समजा ती हे दोन वर्षांपूर्वी म्हणाली होती. आज ‘टू इयर्स अगो सुजाता सेड शी इज प्रेग्नंट’ म्हणालात तर ऐकणारा चक्रावेल. इंग्रजीत सेडनंतर प्रेझेंट ठेवलात की ती गोष्ट *तेव्हाही* खरी आणि *आत्ताही* लागू, असा दोन्हीकडचा भार त्यावर येतो. भाषाशास्त्रात याला डबल ॲक्सेस म्हणतात. मराठीत हा भार नसतो. “दोन वर्षांपूर्वी सुजाता म्हणाली होती की मी प्रेग्नंट आहे” हे अगदी सरळ वाक्य आहे. घड्याळ तिच्याच हातात.

म्हणूनच ‘ही सेड ही विल कम ऑन संडे’ ऐकून लगेच लाल पेन काढू नका. रविवार अजून यायचा असेल तर ते बरोबर आहे. रविवार होऊन गेला असेल तर ‘वुड’च हवा. शाळेच्या पेपरात रविवार आला की गेला हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तिथे डोळे मिटून ‘वुड’ लिहायचं.

इंग्रजी पेपर वाचताना हे जरूर बघा. ‘द मिनिस्टर सेड द ब्रिज वॉज सेफ.’ पूल पडलेला नाही, घाबरू नका. बातमीदार फक्त मंत्र्यांचं म्हणणं पोचवतोय. ‘सेड द ब्रिज इज सेफ’ असं लिहिलं तर त्या सुरक्षिततेला थोडासा हात बातमीदारानंही लावला असं होतं. म्हणून अनेक बातमीदार सवयीनं ‘वॉज’ वापरतात. मला हा ‘वॉज’ आवडतो. तो स्वतःच्या अंगावर काही घेत नाही.

आणि आता उलटी बाजू. शेजारच्या बिल्डिंगमध्ये जुनी मैत्रीण भेटली. “अगं, मला माहीतच नव्हतं तू इथे राहतेस!” ती समोर उभी आहे, राहतेय, हातात दुधाची पिशवी आहे. तरी इंग्रजीत म्हणायचं ‘आय डिडन्ट नो यू लिव्ड हिअर.’ लिव्ड! ‘लिव्ह’ म्हणालात तर कुणी हसणार नाही, पण सहज जीभेवर येतं ते ‘लिव्ड’. नो, थिंक, फर्गेट, रिअलाइज ही सगळी सेडचीच भावंडं. ‘आय फर्गॉट यू वर अ डॉक्टर.’ ती अजून डॉक्टरच आहे. ही दोन-तीन वाक्यं मोठ्यानं म्हणून तोंडात बसवा. परीक्षेत ती येणार नाहीत, बोलण्यात रोज येतील.

मोडल पटकन उरकते. कॅनचं कुड, मेचं माइट, विलचं वुड. कुड, माइट, वुड, शुड मुळातच असतील तर ते जागचे हलत नाहीत. ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस’ हेही हलत नाही, कारण तिथला ‘हॅड’ भूतकाळाचा नाहीच, कल्पनेचा आहे: ही सेड इफ ही हॅड मनी, ही वुड बाय अ हाउस.

‘मस्ट’पाशी थांबा. ‘यू मस्ट पे बाय फ्रायडे’ याचं ‘शी सेड आय हॅड टू पे बाय फ्रायडे’ होतं, कारण ती सक्ती आहे. ‘ही मस्ट बी टायर्ड’ म्हणजे “दमला असेल बिचारा”. हा अंदाज आहे, सक्ती नाही. इथे ‘मस्ट’ तसाच: शी सेड ही मस्ट बी टायर्ड. सगळीकडे ‘हॅड टू’ ठोकलं तर दमायची सक्ती केल्यासारखं होईल.

टुमॉरोचं द नेक्स्ट डे, हिअरचं देअर, हेही त्याच घड्याळानं. सकाळी ऐकलेलं संध्याकाळी सांगत असाल तर टुमॉरो अजून टुमॉरोच आहे. पेपरात मात्र बदला.

आणि शेवटी एक तक्रार. या ‘वुड’चं आपण इतकं घोकतो की ते नको तिथेही उगवतं. ऑफिसच्या मेलमध्ये: ‘वी वुड बी कंडक्टिंग द इंटरव्ह्यूज ऑन मंडे.’ जास्त नम्र वाटतं म्हणून लिहितात. वाचणारा मात्र वाट बघत बसतो: वुड बी… पण? पैसे असते तर? साहेब आले असते तर? मागे कुठे ‘सेड’ नाही, ‘थॉट’ नाही, ‘इफ’ नाही, तर तिथे सरळ ‘विल’ लिहा. मुलाखती सोमवारी आहेत ना? मग वी विल.

पुढच्या व्हिडिओत प्रश्नार्थक वाक्यं घेऊ. ‘ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग’ यात काळ अगदी बरोबर आहे, तरी वाक्य चुकलंय. कुठे, ते तोवर शोधून ठेवा.